हातगुण

मराठीत ‘हातगुण’ असा एक जुना शब्द आहे. एखाद्या वैद्याच्या पुडीने दुखणे हटले, की घरातील वडीलधारी मंडळी पुडीची वाखाणणी करीत नाहीत; ‘त्यांचा हातगुणच तसा’, असे म्हणतात. याच विश्वासावर तान्ह्या मुलाचे अंग चोळण्यासाठी एखादी अनुभवी बाई नेमली जाते, आणि याच विश्वासावर कंबर धरलेला गृहस्थ मालिश करणाऱ्याचा पत्ता शोधीत जातो. हा विश्वास निराधार नाही. पण तो डोळे मिटून ठेवण्याजोगाही नाही. हातात गुण केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे पारखण्याची साधने गेल्या चार-पाच दशकांत वैद्यकशास्त्राने बरीच उपलब्ध करून दिली आहेत. त्यांची ओळख करून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

मराठी माणसे चाकरीच्या व व्यापाराच्या निमित्ताने बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा दूरदूरच्या शहरी स्थायिक झाली. त्यांच्या बोलण्यात तिकडचे शब्द मिसळले, जेवणाखाण्यात फरक पडला. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आणि बाळ-बाळंतिणीचे न्हाणे या दोन गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या आणि टिकल्या. कोमट तेलाची वाटी, ऊन पाण्याचे घंगाळ, पाय लांब करून बसलेली न्हाऊ घालणारी बाई आणि तिच्या पायांवर पालथे निजविलेले मूल, हे दृश्य गोव्यापासून माळव्यापर्यंत सारखेच. या चालीमागे शास्त्राचाही आधार आहे. तेलाने मातीचा घडा, कातडे आणि गाडीचा आस जसा टिकाऊ होतो, तसे अभ्यंगाने शरीर दृढ होते, असा दृष्टांत चरकसंहितेत दिलेला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग नित्य करण्यास सांगितले. पण त्याच ठिकाणी कफाने पीडित, अजीर्ण झालेला आणि नुकतेच शोधन घेतलेला अशा मनुष्यास तो वर्ज्यही ठरविला. उपाय सांगताना त्याची मर्यादाही सांगावी, हा या ग्रंथकारांचा दंडक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पाश्चात्त्य देशांत तान्ह्या मुलाला चोळण्याची ही कला जी पोचली, ती बऱ्याच अंशी भारतातूनच. फ्रेडरिक लबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत शांतला नावाच्या मातेला आपल्या बाळाचे अंग चोळताना पाहिले. त्या मातेच्या नावाने त्याने १९७६ साली एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, आणि युरोपातील अनेक माता तिच्या हातांच्या हालचाली चित्रांवरून शिकल्या. ज्या स्त्रीला आपण काही विद्या जाणतो असे कदाचित कधी वाटलेही नसेल, तिच्या हाताकडून सुशिक्षित जगाने धडा घेतला.

यानंतर प्रयोगशास्त्राने या प्रश्नात लक्ष घातले. अपुऱ्या दिवसांची मुले काचेच्या पेटीत ठेवावी लागत. त्यांना शक्य तितके कमी हाताळावे, असाच दंडक पूर्वी रुग्णालयांतून असे. अमेरिकेतील मायामी येथील टिफनी फील्ड या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह अशा चाळीस मुलांवर केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या अंगावरून दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे हात फिरविण्यात आला व त्यांचे हातपाय हळुवार हलविण्यात आले. या मुलांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक वाढले, आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. त्यांना दूध काही जास्त पाजले नव्हते. पुढील अभ्यासांत असे आढळले, की योग्य दाबाच्या स्पर्शाने मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू अधिक कार्यशील होतो, जठराची हालचाल सुधारते आणि खाल्लेले अंगी लागते.

येथे ‘योग्य दाब’ या शब्दांकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. हलका हात म्हणजे नुसता वरवरचा, गुदगुल्या करणारा हात नव्हे. अगदी पुसट स्पर्शाने मुले अस्वस्थ होतात आणि त्यांचे वजनही तितके वाढत नाही, असे याच अभ्यासांतून दिसून आले. याच्या उलट टोकाला रगडणे आहे. त्याने कोवळी त्वचा व सांधे दुखावतात. गुण या दोहोंच्या मध्ये आहे. त्वचा किंचित दबेल पण मुलाच्या चेहऱ्यावर आठी पडणार नाही, असा स्थिर व सावकाश हात हवा. सावकाशपणालाही कारण आहे. माणसाच्या केसाळ त्वचेत काही अतिशय सूक्ष्म मज्जातंतू असे आहेत, की ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीच्या स्पर्शालाच विशेष प्रतिसाद देतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवून दिले, की हे तंतू जितके जागृत होतात तितका तो स्पर्श माणसाला सुखद वाटतो. आई निजवताना ज्या गतीने मुलाच्या पाठीवरून हात फिरविते, ती साधारणपणे हीच गती होय.

स्पर्शाचे सामर्थ्य किती, याचे याहूनही ठळक उदाहरण आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा उपाय काढला. कांगारूच्या पोटपिशवीवरून त्याला नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत व आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः एक किलोपासून पावणेदोन किलोच्या आसपास वजन असलेल्या मुलांना जन्मानंतर लगेच असे छातीशी धरले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात दिसले. येथे हाताने काही विशेष केलेलेच नाही. फक्त धरून ठेवले आहे.

पूर्ण दिवसांच्या, निरोगी मुलांच्या बाबतीत मात्र मालिशचे फायदे इतक्या ठामपणे सिद्ध झालेले नाहीत. त्यांना झोप चांगली लागते, मायलेकरांची जवळीक वाढते, एवढे म्हणता येते. मालिश न केल्यास हाडे कच्ची राहतील, पाय वाकडे होतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. हाडांना बळकटी येते ती योग्य पोषणाने आणि ‘ड’ जीवनसत्त्वाने.

तेलाचा प्रश्न प्रांताप्रांताने बदलतो. गोव्यात व कोकणात खोबरेल, देशावर तिळाचे, ग्वाल्हेरकडे मोहरीचे, असा सर्वसाधारण प्रघात. मोहरीचे तेल त्वचेच्या संरक्षक थराला अपाय करू शकते, असे प्रयोगांत आढळल्याने तान्ह्या मुलांसाठी ते टाळलेले बरे. उलट ढाक्याच्या एका बालरुग्णालयात अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या मुलांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले असता त्यांच्यातील रुग्णालयजन्य जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली नमूद झाले. कोणतेही तेल असो, ते प्रथम थोड्याशा जागी लावून, पुरळ उठत नाही ना, हे पाहावे.

परंपरेचा गौरव करताना तिच्यातील दोष झाकता कामा नयेत. मुलाला पायांना धरून उलटे लोंबकळविणे, नाक उंच व्हावे म्हणून ते चिमटीत ओढणे, डोके गोल व्हावे म्हणून दाबणे, टाळूवर जोर देणे, नाकाकानांत तेल सोडणे, कोंडलेल्या खोलीत ओव्या-शेपांची धुरी देणे, हे प्रकार अद्यापि काही घरांत चालतात. नाकात सोडलेले तेल फुप्फुसांत उतरून न्युमोनिया होऊ शकतो. आईच्या शरीरातील रसांच्या परिणामाने नवजात मुलाची, मग तो मुलगा असो वा मुलगी, स्तनाग्रे काही दिवस सुजलेली दिसतात. ती पिळल्यास तेथे गळू होण्याचा संभव असतो. न पिळल्यास सूज आपोआप उतरते. मूल किंचाळत असताना ‘रडल्याने छाती मोकळी होते’ अशी समजूत घालून चोळीत राहणे हे तर सर्वात वाईट. आजी म्हणते म्हणून सून गप्प बसते, आणि बाई रागावेल म्हणून आजी गप्प बसते. सोसावे मात्र लागते मुलाला.

हलक्या हाताला ज्ञानाची जोड मिळाली तर काय घडू शकते, हे पाहावयाचे असेल तर इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरचे कार्य पाहावे. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेला हा अस्थितज्ज्ञ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम करीत असे. जन्मतः पाऊल आत वळलेल्या मुलांवर त्या काळी मोठ्या शस्त्रक्रिया होत. पुढे ती पावले ताठर व दुखरी होत. पोन्सेटीने पावलातील लहान हाडांच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. दर आठवड्यास बोटांनी पाऊल अगदी हळुवार थोडेसे वळवावयाचे आणि तेवढ्याच स्थितीत प्लास्टर घालावयाचे, अशी पद्धत त्याने बसविली. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. बहुतेक मुलांत टाचेची शीर एका छोट्याशा छेदाने मोकळी करावी लागते, आणि नंतर सुमारे चार वर्षांचे होईतो झोपताना विशेष बूट घालावे लागतात. या पद्धतीची फलश्रुती त्याने १९६३ साली प्रसिद्ध केली, पण जगाने ती स्वीकारण्यास आणखी तीसेक वर्षे लागली. आज भारतातही तीच प्रमाण मानली जाते. एका बाजूला कललेल्या मानेच्या मुलालाही फिजिओथेरपिस्टने शिकविलेल्या हळुवार ताणांचा चांगला उपयोग होतो. मात्र उपचार पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हावयास हवा.

सर्वच दाव्यांना असा आधार नसतो. कवटीची हाडे विशिष्ट लयीत हलतात, ती लय हाताला कळते आणि कळलेली लय दुरुस्त केली की नाना विकार बरे होतात, असे मानणारा एक उपचारपंथ अमेरिकेतील विल्यम सदरलँड याच्या विचारांतून विसाव्या शतकात निघाला. तो लहान मुलांच्या रडण्यापासून प्रौढांच्या डोकेदुखीपर्यंत सुचविला जातो. परंतु एकाच रुग्णाची लय दोन उपचारकांनी मोजली असता त्यांची मापे जुळत नाहीत, असे तपासण्यांत आढळून आले. अशा शांत, मृदू स्पर्शाने एखाद्या त्रस्त माणसाला विसावा मिळाला, तर त्या विसाव्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण विसावा म्हणजे रोगमुक्ती नव्हे. मृदू हात बहुधा अपाय करीत नाही. अपाय करते ते त्याच्यावर विसंबून दवडलेले दिवस. सारखे रडणाऱ्या मुलाला कानाचा ठणका असेल, अंतर्गळ अडकला असेल, मूत्रमार्गात संसर्ग असेल. हे हात फिरवून कळत नाही.

प्रौढांनाही हाच न्याय लागू आहे. जुन्या कंबरदुखीला मर्दनाने तात्पुरता उतार पडतो, मनाचा ताण सैलावतो, झोप सुधारते. हा लाभ थोडा नव्हे. मात्र तो टिकविण्यासाठी चालणे व व्यायाम लागतो. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम व दुखरी झाली असेल, तर ती चोळू नये. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर हे विशेष जपावे. ताप, ताजी मोड, ठिसूळ झालेली हाडे, पायांत बधिरपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे, अशा वेळी मालिशवाल्याकडे न जाता डॉक्टरकडे जावे. मानेला कडकन् झटका देऊन ‘मोकळी’ करून घेण्याची हौस कोणीच करू नये. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

मग चांगला हात ओळखावा कसा? जो आधी विचारतो आणि मग हात लावतो. ज्याची नखे कापलेली, हात धुतलेले आणि बांगड्या-अंगठ्या उतरविलेल्या असतात. जो नुकते दूध प्यालेल्या किंवा झोपेला आलेल्या मुलाला छेडीत नाही. ज्याची नजर हातावर नसून मुलाच्या चेहऱ्यावर असते, आणि मुलाने तोंड फिरविताच जो थांबतो. जो सर्व रोगांच्या नावाने हमी देत नाही, किती दिवसांत काय अपेक्षावे ते सांगतो आणि गरज दिसताच डॉक्टरचे नाव काढतो, तो हात चांगला. अंग चोळावयास येणाऱ्या अनेक अनुभवी बाया असे पूर्वीपासूनच वागत आल्या आहेत. जी बाई आईला जवळ बसवून ‘असा फिरवायचा हात’ म्हणून शिकविते, तिला तर सोडूच नये.

आज कुटुंबे लहान झाली आहेत. शेजारची जाणती बाई सर्वत्र मिळत नाही आणि मोठ्या शहरांत तिचा मोबदलाही सर्वांना परवडत नाही. पण त्यामुळे मुलाचे काही अडत नाही. आईने किंवा वडिलांनी उबदार खोलीत, घाई नसलेली दहा मिनिटे काढून स्वतःच्या हाताने तेल लावले, तर मुलाला जे हवे ते बहुतेक सारे त्यात येते. घरातील वृद्धांच्या पायांनाही तोच हात लागावा. परक्याचा हातगुण शोधण्यापूर्वी घरातील हातांना तो शिकवावा, आणि जेथे हाताचे काम संपते तेथे वेळ न दवडता वैद्याचे दार ठोठावावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे जुन्या चालीचे सुख मिळेल आणि तिच्यातील धोका टळेल.