आधी वाचू, मग सही करू
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पहिल्या तारखेला आपण दूध, किराणा, फी यांचे पैसे बाजूला काढून ठेवतो. महिनाअखेर आठवलेल्या गोष्टीला पैसा उरत नाही. नगरपालिकेचेही तसेच आहे. तिचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, अंदाजपत्रक त्याआधीच ठरते. आणि आपण अर्ज घेऊन जातो जूनमध्ये, शाळेचे छप्पर गळू लागल्यावर!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हवेच. तरी माझ्या शेजारची मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. का, ते तुम्हांला सांगायला नको.

याच कायद्याने नगरपालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते, आणि अनुदानाला आधार त्याचाच. पण "ताई, इथे सही करा" म्हटले की आपण सही करतो आणि स्वयंपाकाला घरी पळतो. मीही तेच केले आहे.

यंदा दिवाळी झाली की समितीतल्या भगिनींबरोबर बसून आराखडा ओळ न् ओळ वाचू. स्वच्छतागृह त्यात नसेल, तर आधी ते लिहवून घेऊ. सही त्यानंतर.