ठेव सांभाळणारा वैमानिक
(सुवर्णमहोत्सव समारंभात केलेले भाषण)



आपल्या संस्थेची पन्नास वर्षांची हकीकत चिटणिसांच्या अहवालात आलीच आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. मी आज आपणांस जुन्या लढाऊ विमानांची गोष्ट सांगणार आहे. धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावर लढाऊ विमान कशाला, असे कोणास वाटेल. थोडा धीर धरावा. शेवटी आपण आपल्याच अंगणात परत येऊ.

१९४० साली १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानदलाशी मोठी झुंज झाली. सुमारे तीन हजार वैमानिक आणि त्यांचे सहकारी तीत उतरले. पाचशेंहून अधिक परत आले नाहीत. त्यांची वाहने म्हणजे हरिकेन आणि स्पिटफायर. युद्ध संपले, जेट विमाने आली आणि ही विमाने भंगारात निघू लागली. तेव्हा त्याच झुंजीत लढलेले विंग कमांडर पीटर थॉमसन यांच्या मनाने घेतले की, निदान चार विमाने तरी उडती राहिली पाहिजेत. १९५७ साली बिगिन हिल येथील तळावर त्यांनी एक लहानसे पथक उभे केले. ते आज लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे आहे आणि 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट' या नावाने ओळखले जाते.

ह्या पथकातील एकेका विमानाची कथा ऐकण्याजोगी आहे. एक स्पिटफायर १९४० च्या झुंजीत प्रत्यक्ष लढलेले. युद्धानंतर ते अवघ्या २५ पौंडांना भंगारवाल्याकडे गेले. पण घेणाऱ्याला त्याची योग्यता कळली आणि त्याने ते हवाई दलाला परत दिले. दुसऱ्या एका स्पिटफायरची गंमत निराळीच. १९४५ च्या फेब्रुवारीत वारा फार होता, म्हणून जमिनीवरून जाताना शेपूट दाबून धरण्यासाठी मार्गारेट हॉर्टन ही हवाई दलातील तरुणी शेपटीवर बसली. ती उतरण्यापूर्वीच वैमानिकाने उड्डाण केले! तिला शेपटीवर घेऊनच विमान फेरी मारून सुखरूप खाली आले. ते विमानही ह्याच पथकाकडे आले.

ही विमाने चालवतो कोण? कॉनिंग्जबी तळावरचे लढाऊ वैमानिक. आठवडाभर ते टायफून नावाचे आधुनिक जेट विमान चालवतात आणि उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, स्वखुशीने ह्या म्हाताऱ्या विमानांच्या सेवेला येतात. टायफूनमध्ये वैमानिकाची चूक संगणक सावरून घेतो. स्पिटफायरमध्ये तसे कोणी नाही. त्याचे नाक इतके लांब की, जमिनीवर असताना समोरचे काही दिसत नाही; नागमोडी चालवत डावीउजवीकडून वाट पाहावी लागते. चाके एकमेकांजवळ, त्यामुळे आडवा वारा आला की तोल जातो. चाके वर घेण्याचा दांडा उजव्या बाजूस, म्हणून उड्डाण होताच हात बदलावा लागतो. जमिनीवर जास्त वेळ थांबावे तर इंजिन तापते. म्हणून कितीही कसलेला वैमानिक असला, तरी त्याला आधी लहान शिकाऊ विमानांवर पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. शिवाय वेगाला मर्यादा, वळणाच्या जोराला मर्यादा. कौशल्य दाखवण्यापेक्षा विमान जपणे महत्त्वाचे.

तरीही संकट येतेच. १९९१ साली ह्या पथकाच्या एका हरिकेनचे इंजिन वाटेत बिघडले. ते विटरिंगच्या तळावर आदळून पेटले. वैमानिक बचावला. दुरुस्तीला पैसा हवा होता, म्हणून पथकाने आपले एक स्पिटफायर विकले. एक दागिना मोडून दुसरा सोडवावा, तसेच हे झाले. १९९८ साली ते हरिकेन पुन्हा उडाले. पण २५ मे २०२४ रोजी कॉनिंग्जबीजवळ स्पिटफायर कोसळून स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग हे मृत्यू पावले. पुढे ह्याच पथकाचे नेतृत्व त्यांच्याकडे यावयाचे होते. विमाने काही काळ जमिनीवरच ठेवण्यात आली.

अशा वेळी प्रश्न पडतो : एका स्मृतीसाठी जिवंत माणसाने प्राण पणाला का लावावा? विमाने संग्रहालयात ठेवावीत, झाले! हा प्रश्न खोटा नाही, आणि यंत्रापेक्षा माणूस मोठा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण दुसरी बाजूही आहे. त्या झुंजीतील अखेरचे हयात वैमानिक जॉन हेमिंग्वे हे मार्च २०२५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी निवर्तले. आता सांगणारे कोणी उरले नाही. काचेआड ठेवलेले विमान मूल पाहते आणि पुढे जाते, डोक्यावरून तो आवाज गेला की मूल थांबते आणि विचारते, "हे कोण होते?" तेवढ्या एका प्रश्नासाठी ही माणसे धोका पत्करतात, मात्र डोळे मिटून नव्हे, नियम पाळून.

ही गोष्ट आपल्याला अगदीच परकीही नाही. बडोदे संस्थानाच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या पथकाला 'बडोदा' हे नाव मिळाले होते, आणि ते पथक स्पिटफायर चालवीत असे. १९४० च्या झुंजीत स्पिटफायर चालवणारे १५२ वे पथक हैदराबादच्या नावाचे होते. ज्या शहरांत आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांची नावे त्या आकाशात होती.

आता आपल्या अंगणात येतो. त्या वैमानिकाचे विमान त्याचे स्वतःचे नसते. ते मागच्यांनी दिलेले आणि पुढच्यांना द्यावयाचे. आपण ज्यांना विश्वस्त म्हणतो, तो अगदी हाच. आपल्या वडिलांनी ठेवलेला शिष्यवृत्तीचा निधी आणि बांधलेली ही वास्तू कुलूप लावून ठेवली, तर झिजणार नाही. पण मग ती कोणाच्या उपयोगाची? आणि हिशेब न ठेवता उधळली, तर नातवंडांना काय दाखवणार? ठेव वापरावी, पण मर्यादेने वापरावी. मोडली तर पदरमोड करून दुरुस्त करावी. आणि सूत्रे हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने, कितीही मोठा असला तरी, पुन्हा विद्यार्थी व्हावे.

पुढील पन्नास वर्षे ही संस्था तरुणांच्या हाती सुखरूप उडत राहो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.