बॅटरीला आतून जपा



हातातली बॅटरी जाड पत्र्याची असली, तर पडून सहसा मोडत नाही. तिला आतून खातात ते सेल! साध्या सेलचे जस्ताचे कवच हेच त्याचे जळण. वीज देता देता ते झिजते, भोक पडते, आतला ओलावा पाझरतो आणि स्प्रिंग गंजते. मग पावसाळ्याच्या रात्री दारात किरडू आले, तरी उजेड पडत नाही.

म्हणून नवा-जुना सेल एकत्र घालू नये. नवा जुन्याला ओढतो व जुना फुटतो. उजेड मंदावताच सगळे सेल बदलावेत. रोज लागत नसेल, तर सेल काढून बॅटरीशेजारीच ठेवावेत. अल्कलाइन सेलची पांढरी पूड हाताला लागू देऊ नये. लिंबाचा रस लावलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावे.