प्रयोगवहीतील ‘साहित्य’



शाळेने आपणांस प्रयोगवही लिहावयास शिकविले : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. यांतील ‘साहित्य’ या मथळ्याविषयी आज दोन शब्द सांगतो.

माझी कर्मभूमी बंगळुरू. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ‘परम प्रवेग’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची कमाल क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला तेहतीस लाख अब्ज आकडेमोडी! परंतु वेगाने आलेले उत्तर विश्वासार्ह असतेच असे नाही. रेणूची रचना ठरविण्यास साहाय्य करणारा एक प्रोग्राम २०१४ साली प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले की, तीच माहिती दिली असता निरनिराळ्या संगणकप्रणालींवर त्याची उत्तरे निरनिराळी येतात. प्रत्येक प्रणाली फायलींची यादी आपापल्या क्रमाने देत होती आणि प्रोग्राम त्या क्रमावर विसंबून होता. कृती लिहिलेली होती. साहित्याची नोंद अपुरी होती.

यावर उपाय म्हणजे ‘कंटेनर’. न्हावाशेवा बंदरातील पोलादी कंटेनर जहाजावरून रेल्वेवर, रेल्वेवरून ट्रकवर चढतो. आतील माल हलत नाही. तसाच प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांसह, एका डब्यात बंद करतात. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने ही रीत रूढ केली. मात्र महासंगणक अनेकांचा सामाईक असतो. तेथे प्रत्येकाच्या हाती व्यवस्थापकाचे अधिकार देता येत नाहीत. म्हणून अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘सिंग्युलॅरिटी’ जन्मास आली. ‘अ‍ॅपटेनर’ हे तिचे नवे नाव. ती सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारांत चालते.

डब्यात चूक भरली, तर तीही जशीच्या तशी जपली जाते, हे खरे. पण पुन्हा पुन्हा तशीच घडणारी चूक शोधून काढता येते. शिवाय बंद डबा पुरेसा नाही. तो कसा भरला याची पाककृतीही हवी. तीत ‘नवीनतम आवृत्ती घ्यावी’ असे लिहिणे म्हणजे ‘मीठ चवीपुरते’ लिहिणे होय. प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक लिहिला पाहिजे. संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन जातो, यंत्र बदलते. मागून येणाऱ्याच्या हाती उरते ती ही नोंद.

पालकहो, पाल्याने उत्तर दाखविले, की ते कोणत्या साहित्याने काढले, हेही जरूर विचारा. दुसऱ्याला पडताळता येईल असे लिहिणे, ही विज्ञानातील सचोटी आहे, आणि तिचा पहिला धडा प्रयोगवहीतच मिळतो.