भीतीपोटी लिहिलेली चिठ्ठी



 अमरावतीच्या इर्विन आणि डफरिन रुग्णालयांतली रात्रपाळी उरकून तुमच्यापैकी काही डॉक्टर थेट इथे आले आहेत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले सहकारी आहेत, आणि धारणी-चिखलदऱ्याहून पहाटे अंधारात निघालेलेही आहेत.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र माझ्या मनातून जात नाही. मेळघाटातून एक बाळंतीण आली. सेमाडोह, परतवाडा करत अँब्युलन्सने तिला शहरात आणलं, तोवर पायाखालची चादर रक्ताने भिजली होती. सासूच्या मुठीत रेफरची चिठ्ठी होती, घामाने ओली झालेली. तिच्यावर दोनच ओळी होत्या : ‘हाय रिस्क. पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात.’ बाई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरचा फोन आला. ‘मॅडम, सिझर मला करता आलं असतं. पण टेबलावर काही झालं असतं तर?’

त्या ‘तर’वर आणि त्यासाठीच्या विमा संरक्षणाच्या मागणीवर बोलण्यासाठी आज आपण जमलो आहोत.

रुग्णाने दाद मागू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ते योग्यच झालं. पण औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातलं प्रकरण आठवा. 1963 साली बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, टॉवेल पोटात राहिला, बाई गेली. भरपाईची जबाबदारी राज्य सरकारची, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 चा! 33 वर्षं तिच्या माणसांनी वाट पाहिली. चूक झाली तर भरपाई लवकर मिळावी, हे आपल्याइतकंच त्यांच्याही हिताचं आहे. विम्याची मागणी मी म्हणूनच डॉक्टरांपुरती मानत नाही.

आणि सरकारने हे तत्त्व मान्य केलेलं आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी 2005 मध्ये केंद्राने विमा योजना आणली. 2013 पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीतून थेट भरपाई सुरू झाली. मृत्यू, गुंतागुंत किंवा अपयश आलं तर रुग्णाला पैसे मिळतात. शस्त्रक्रिया करणारा सरकारी असो की मान्यताप्राप्त खासगी, त्याच्यावर दावा झाला तर त्यालाही संरक्षण आहे. योजनेने ते प्रत्येक प्रकरणी 2 लाखांपर्यंत आणि वर्षाला जास्तीत जास्त चार प्रकरणांना दिलं. रक्कम तुटपुंजी आहे, हे खरं. पण नसबंदी करणाऱ्या हाताच्या पाठीशी सरकार उभं राहू शकतं, तर रात्री दोन वाजता अडलेल्या बाईचं सिझर करणाऱ्या हाताच्या पाठीशी का नाही?

ऑस्ट्रेलियात 2002 मध्ये डॉक्टरांना संरक्षण देणारी सर्वांत मोठी संस्था डबघाईला आली, तेव्हा सरकार पुढे आलं आणि खेड्यात बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांच्या हप्त्याचा भार त्याने वाटून घेतला. इंग्लंडने 2019 पासून फॅमिली डॉक्टरांची हमी सरकारी केली. आपल्याकडे मात्र हप्ता ज्याचा त्याने भरायचा, वर 18 टक्के जीएसटी. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुन्हा आलं तर एक रुपया घेऊन उभं आयुष्य काढलं. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आपल्या सगळ्यांची मान उंचावली. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या पोराने दोन रुपयांतून विम्याचा हप्ता कसा भरायचा?

दुपारच्या सत्रात ठराव मांडला जाईल : आदिवासी आणि ग्रामीण भागातल्या तातडीच्या बाळंतपणांना कुटुंबनियोजनासारखंच संरक्षण द्या, आणि तिथे काम करणाऱ्यांचा हप्ता शासनाने भरावा. माझी एक विनंती आहे. ठरावात रुग्णाच्या भरपाईचं कलम पहिलं घ्या, आपलं दुसरं.

मेळघाटातून आलेल्या तरुण डॉक्टरांनी कृपया मागे बसू नये. पुढच्या दोन रांगा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. आज तुमच्या जागी जे ड्युटीवर थांबले आहेत, त्यांनाही आमचा नमस्कार कळवा. ती चिठ्ठी लिहिणारा तरुण आता सर्जन आहे आणि पहिल्या सत्रात पहिला तोच बोलणार आहे.