श्रीलंकेची सहल : काय मिळाले, काय सलले

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२४च्या मे महिन्यात आपल्या घाटकोपर-मुलुंड भागातील आम्ही चोवीस जण आठ दिवस श्रीलंकेला जाऊन आलो. फोटो सर्वांनी पाहिले. पण फोटोत सगळे हसतच असतात. म्हणून जे फोटोत आले नाही तेही सांगा, असा मंडळाचा आग्रह झाला.

आम्ही सुट्टीसाठीच गेलो होतो. दोन वर्षे भिशी लावून पैसे साठवले होते. मात्र श्रीलंकाच का, याला कारण होते. मे १९५० मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेतील कँडी येथे गेले होते. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. बौद्धांचे विधी प्रत्यक्ष पाहावेत, धम्म तेथे कितपत शुद्ध राहिला आहे आणि लोकांच्या जगण्यात तो कितपत जिवंत आहे हे तपासावे, असा त्यांचा हेतू होता. त्यानंतर सहा वर्षांनी नागपूरची दीक्षा झाली. बाबासाहेबांनी जे पाहायला म्हणून प्रवास केला, ते आपणही पाहावे, एवढीच आमची इच्छा होती.

सहारहून विमान सुटले आणि अडीच तासांत कोलंबो आले. आमच्यातल्या बहुतेकांचा हा पहिलाच विमानप्रवास. खिडकीची जागा कोणाला, यावरून थोडी कुरबुर झाली. पुढे सहल कंपनीने ठरलेले हॉटेल ऐनवेळी बदलले आणि त्या घोळात अर्धा दिवस गेला. जेवणात दोन्ही वेळा भात, नारळाच्या दुधातली कालवणे आणि सुक्या मासळीचा वास. चौथ्या दिवशी एका मावशींनी पिशवीतून ज्वारीचे पीठ काढले आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून भाकऱ्या थापल्या. या अडचणी घरी येईपर्यंत विसरल्या.

हिशेब आमच्याकडे होता. आपल्या एका रुपयाला तिथले साडेतीनहून थोडे अधिक रुपये मिळत होते. बाजारात सगळेच स्वस्त वाटू लागले, बायका-मुले खूश झाली. संध्याकाळी आमच्या बसचालकाने २०२२ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षी त्या देशाला परदेशी कर्जाचे हप्ते फेडता आले नाहीत. डिझेलसाठी तो रात्रंदिवस रांगेत उभा राहिला होता, घरात गॅस नव्हता. आम्हाला मिळालेली स्वस्ताई कोणाच्या तरी ओढाताणीतून आली होती. दुसऱ्या दिवशी घासाघीस करायला कोणाची जीभ वळली नाही.

२३ मे रोजी वैशाख पौर्णिमा होती. त्या दिवशी आम्ही अनुराधपूरला होतो. सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने बुद्धगयेहून आणलेली बोधिवृक्षाची फांदी तेथे लावली गेली, त्याला बावीसशेहून अधिक वर्षे झाली. झाडाला सोनेरी टेकू दिले आहेत, भोवती कठडा आहे. पान कोणी तोडत नाही. गळून पडेल तेव्हा उचलायचे, म्हणून लोक हात जोडून वाट पाहत बसतात. हजारो माणसे, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आमच्या भगिनीही पांढऱ्या साड्यांत होत्या. दीक्षाभूमीवर आल्यासारखे वाटले. कितीतरी उपासक सकाळीच अष्टशील घेऊन दिवसभर झाडाखाली बसले होते. रुवनवेली स्तूपाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना आमचे पाय भाजले, पण शेजारची सत्तरीची आजी शांतपणे प्रदक्षिणा घालत होती. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणू लागलो, तेव्हा ती थांबली आणि आमच्याबरोबर म्हणू लागली. चाल निराळी, शब्द तेच. तिला मराठी येत नव्हते, आम्हाला सिंहली येत नव्हते. पाली दोघांचीही होती.

त्या देशात प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूची दुकाने बंद असतात. वैशाखीला रस्त्यारस्त्यावर मोफत अन्नदान चालते. त्याला ‘दनसल’ म्हणतात. बस थांबवून, हाताला धरून आम्हाला जेवू घातले. कोण, कुठले, हे विचारले ते जेवण झाल्यावर.

विचारले तेव्हा मात्र एक सल लागला. “भारतात बौद्ध आहेत?” असा प्रश्न आला. आम्ही सांगितले, २०११च्या जनगणनेत ८४ लाख होते आणि त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. “कधीपासून?” १९५६पासून, असे आम्ही म्हणालो. समोरचे गृहस्थ सौम्यपणे हसले. “म्हणजे नवे.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण आपल्याकडे सरकारी अर्जावर ‘नवबौद्ध’ लिहिणाऱ्या आमच्या मुलांचे चेहरे उतरले.

अनुराधपूरचीच एक जुनी गोष्ट त्या रात्री आठवली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान येथे दोन वर्षे राहिला. एके दिवशी बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमाचा पंखा त्याला दिसला आणि मायदेशाच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या मोठ्या माणसालाही परदेशात एकटे वाटले, मग आपले काय, असे म्हणून आम्ही मुलांची समजूत घातली.

खरा धक्का कँडीला बसला. दंतधातूचे मंदिर भव्य आहे, शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पण त्याच्या आवारालगत विष्णूचे आणि इतर देवांचे देऊळ आहे आणि बौद्ध माणसेच तेथे फळांची ताटे घेऊन जात होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या ज्येष्ठांना ते पाहवेना. त्यात वाटाड्याने भिक्षुसंघांची माहिती दिली. १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आले आणि खंडित झालेली उपसंपदा त्यांनी पुन्हा सुरू केली. त्यातून सयाम निकाय उभा राहिला. पण काही वर्षांतच त्या निकायात उपसंपदा फक्त गोविगम या वरिष्ठ समजल्या जाणाऱ्या शेतकरी जातीलाच, असा निर्बंध आला. जात! ज्या रोगापासून सुटण्यासाठी आपल्या आईवडिलांनी धम्म स्वीकारला, तो चीवराच्या आतही शिरला होता. बसमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही.

विद्यार्थ्यांनी पुढचा भाग लक्षात ठेवावा. ज्यांना दार बंद झाले ते गप्प बसले नाहीत. दालचिनीचे काम करणाऱ्या जातीतले काही श्रामणेर १८००च्या सुमारास समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तेथील राजधानी अमरपूर येथे त्यांनी उपसंपदा घेतली आणि मायदेशी परत येऊन नवा संघ उभा केला. तोच अमरपूर निकाय. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ती वाटही याच जातीची नव्हे काय? घरात जे नाकारले ते बाहेर जाऊन मिळवायचे आणि परत येऊन सर्वांना द्यायचे.

तेव्हा “म्हणजे नवे” या शब्दांचे ओझे आमच्या मनावरून उतरले. धम्माचरणाची सवय त्यांच्याकडून घ्यावी. पौर्णिमा कशी पाळावी, दान कसे करावे, विहारात कसे बसावे, यात ते आपल्यापुढे आहेत. पण जात आणि दैवते यांना धम्मात थारा नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला पहिल्या दिवशीच सांगितले. येथे आपल्याला कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. शिवाय आपण नवे तरी कुठले? बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. नालासोपाऱ्याला स्तूप आहे, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तेथे सापडले. सिंहली परंपरेनुसार लंकेचा पहिला राजा विजय याची नौका आधी याच सोपाऱ्याला लागली होती.

परतीच्या विमानात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो. एक, दर पौर्णिमेला विहारात अष्टशील घेऊन निदान काही जणांनी दिवसभर बसावे. दोन, वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना कान्हेरीला न्यावे, डबा घेऊन सहलीला नव्हे, लेख आणि लेणी समजून घ्यायला. तीन, आमची भिशी आम्ही बंद केलेली नाही. ती आता विद्यार्थ्यांसाठी आहे. मुंबई विद्यापीठात पालीचा विभाग आहे, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ज्याला अर्ज करायचा असेल, त्याच्या कागदपत्रांचा आणि तयारीचा खर्च या भिशीतून होईल. त्या अर्जावर ‘नवबौद्ध’ लिहावे लागले, तर ते ताठ मानेने लिहा.