जुना स्मार्टफोन: टाकाऊ वस्तू की उपकरण?

(लखनौ येथे विज्ञानप्रेमी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



घरी पडून असलेले जुने स्मार्टफोन मोजून यावे, अशी विनंती मी आपणांस केली होती. आता हात वर करण्यास सांगितले तेव्हा असे दिसले की ज्या घरी एकही जुना फोन नाही असे घर येथे जवळजवळ नाही. कोणाची काच तडकली आहे, कोणाची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. परंतु बऱ्याच फोनचा दोष एवढाच की त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नव्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे. म्हणजे यंत्र बिघडलेले नाही, त्याची काळजी वाहणाऱ्याने हात काढून घेतला आहे. अशा फोनचे काय करावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्या शहरातील तारोंवाली कोठी आठवते. अवधचे नवाब नसिरुद्दीन हैदर यांनी १८३० च्या दशकात येथे वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. तिच्यासाठी उत्तम दुर्बिणी व मोजमापाची साधने लंडनहून मागविण्यात आली, आणि कर्नल विल्कॉक्स यांच्या देखरेखीखाली आकाशाचे वेध घेतले जाऊ लागले. विल्कॉक्स १८४८ मध्ये निवर्तले, १८४९ मध्ये वेधशाळा बंद करण्यात आली आणि १८५७ च्या धामधुमीत तिची साधने नष्ट झाली. इमारत आजही उभी आहे. त्या काळी एक उपकरण मिळविण्यास राजाचा खजिना लागे, आणि खजिन्याचा धनी बदलला की उपकरणाचे भाग्यही बदले. आज आपल्या टेबलाच्या खणात जे पडले आहे तेही एक उपकरणच आहे. त्यासाठी नवाबाची गरज नाही. पण ते आपले आहे, हे मात्र आपणांस ठाऊक असावे लागते.

त्या लहानशा पेटीत काय काय असते ते पाहा. कॅमेरा आणि ध्वनिग्राहक तर सर्वांना माहीत आहेत. त्यांखेरीज त्वरण मोजणारा संवेदक असतो, त्याच्यामुळेच फोन आडवा धरला की चित्रही आडवे होते. बहुतेक फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. लखनौत तो पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४५ ते ५० मायक्रोटेस्ला दाखवील. काही महागड्या फोनमध्ये वायुभारमापकही असतो. तो घेऊन आपण तीन मजले चढलात तर हवेचा दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने उतरलेला दिसतो. ही मापने वाचण्यासाठी जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचे विनामूल्य अॅप तयार केले असून ते २०१६ पासून सर्वांना उपलब्ध आहे.

एक प्रयोग मी आपणांस सविस्तर सांगतो, कारण तो टाकून दिलेल्या दोन फोनवर होतो. दोन फोन एकमेकांपासून दहा मीटर अंतरावर ठेवा. दोहोंवर आवाजाने सुरू होणारे व आवाजानेच थांबणारे घड्याळ लावा. पहिल्या फोनजवळ एकाने टाळी वाजवावी. पहिले घड्याळ तत्काळ सुरू होईल. दुसरे, आवाज तेथवर पोहोचेल तेव्हा. मग दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने टाळी वाजवावी. आता दुसरे तत्काळ थांबेल आणि पहिले थोड्या उशिराने. दोन्ही घड्याळांतील फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जाऊन दहा मीटर परत येण्यास लागणारा वेळ. आपल्या शहरात जानेवारीच्या पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास असते, तेव्हा हा फरक सेकंदाच्या एकोणसाठ सहस्रांशांइतका भरतो. मे महिन्यात चाळीस अंशांना तो छप्पन्नापर्यंत उतरतो. उष्ण हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो, हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. ते अंगणात पडताळून पाहण्यास दोन जुने फोन, एक मोजपट्टी आणि दोन ऋतूंचा धीर एवढे पुरते. एकाच मापनावर मात्र विसंबू नका. वीस वेळा मोजा आणि सरासरी काढा.

कोणी म्हणेल, हा मुलांचा खेळ झाला. तेव्हा हेही ऐका. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाने जे उपग्रह अवकाशात नेले, त्यांत इंग्लंडमधील सरे येथे तयार झालेला ‘स्ट्रँड-१’ हा छोटा उपग्रह होता आणि त्याच्या पोटात बाजारात मिळणारा ‘नेक्सस वन’ हा स्मार्टफोन बसविलेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने त्याच जातीच्या फोनवर चालणारे चिमुकले उपग्रह सोडले. त्यांनी पाठविलेल्या चित्रांचे तुकडे जगभरच्या हौशी रेडिओचालकांनी टिपले आणि ते जुळवून पृथ्वीची छायाचित्रे तयार झाली. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर जुने फोन सौरपट्ट्यांसह झाडांच्या शेंड्यांवर बांधून चोरट्या वृक्षतोडीच्या करवतीचा आवाज टिपण्याचा प्रयोग झाला. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जुन्या फोनमधील बॅटऱ्या काढल्या, त्यांना बाहेरून वीज दिली आणि अनेक फोन एकत्र जोडून लहानसे गणनकेंद्र उभे केले. एका फोनमागे खर्च आला सुमारे आठ युरो. पाण्याखालील जीव मोजण्याच्या कामी त्याची चाचणीही घेण्यात आली. आणि दूर कशाला, आपल्या शेजारच्या कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले मनु प्रकाश यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक तयार केला. ‘फोल्डस्कोप’ या नावाने २०१४ पासून तो जगाला माहीत आहे. तो फोनच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. मग गोमतीच्या पाण्याच्या थेंबातील जीव साऱ्या वर्गाला एकदम दाखविता येतात.

आता हे करावे कसे? माझ्या मते याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर फोनमध्ये काहीच बदलायचे नसते. त्यातील खाजगी मजकूर पुसून टाकायचा, अनावश्यक अॅप काढायचे आणि त्याला एकच काम नेमून द्यायचे. माझ्या गच्चीवर असा एक फोन आहे. तो दर दहा मिनिटांनी पाण्याच्या टाकीवरील खुणांचे छायाचित्र घेतो. पूर्वी टाकी वाहू लागल्यावर शेजारी हाक मारीत, आता तो प्रसंग येत नाही.

दुसऱ्या पायरीवर आपण स्वतः आज्ञावली लिहू लागतो. ‘टर्मक्स’ नावाचे एक अॅप फोनमध्ये लिनक्सचे छोटे कार्यस्थळ उघडून देते. ज्या मुलाकडे संगणक नाही, त्याला त्यावर पायथन भाषेत पहिली आज्ञावली लिहिता येते. फोनच्या तारेला एक साधा ओ.टी.जी. जोड लावला की कळफलक जोडता येतो, अर्डुइनोसारखे नियंत्रक पटलही जोडता येते. मग कुंडीतील माती कोरडी पडली की पंप सुरू करण्याचा निर्णय फोन घेऊ शकतो. पंपाची वीज मात्र फोनमधून कधीही घेऊ नये. तिची वाट निराळी ठेवावी आणि मध्ये रिले बसवावा.

तिसरी पायरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच बदलणे. अँड्रॉइडचा गाभा सर्वांसाठी खुला असल्यामुळे ‘लिनीएज ओएस’सारख्या प्रणाली स्वयंसेवकांनी २०१६ पासून चालविल्या आहेत. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या ‘पोस्टमार्केट ओएस’चा तर हेतूच असा की फोनचे आयुष्य दहा वर्षांचे असावे. पण येथे एक कुलूप आड येते. फोन सुरू होताना जी आज्ञावली सर्वांत आधी चालते तिला बूटलोडर म्हणतात. काही उत्पादक ते उघडू देतात, काही उघडू देत नाहीत. उघडताना फोनमधील सारा मजकूर पुसला जातो. शिवाय नावे सारखी असली तरी दोन फोनची अंतर्रचना भिन्न असू शकते. एकाची प्रणाली दुसऱ्यावर चढविली तर फोनची वीट झाली, असे हौशी मंडळी म्हणतात. म्हणून मागील बाजूचा नमुना क्रमांक तीनदा वाचावा आणि मगच हात घालावा.

हात घालण्यापूर्वी नाझा मार्केटमध्ये एक दुपार घालवा, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तेथील दुरुस्ती करणारे कारागीर पदव्या घेऊन बसलेले नाहीत, परंतु काच तापवून गोंद कसा सैल करावा आणि चिवट पट्टीची तार न तोडता कशी उचलावी, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. त्यांच्याशी अदबीने बोललात तर ते शिकवितात. ज्या नगरीत फाटलेल्या शालीला रफू करणे ही कला मानली गेली, तेथे दुरुस्तीला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता धोक्याविषयी. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्टवर येते, आणि त्या स्थितीत तिला सतत उष्णतेत ठेवणे हे तिचे आयुष्य खाणे होय. माझ्या गच्चीवरील पहिला फोन मी अहोरात्र विजेला जोडून ठेवला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी पाहिले तो त्याची पाठ पावासारखी फुगली होती. दोष फोन बनविणाऱ्याचा नव्हता, माझा होता. आता तो सावलीत असतो आणि वेळ ठरविणारे बटण त्याला दिवसातून फक्त दोन तास वीज देते. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, विजेला जोडू नका. ती वाळूत किंवा धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि अधिकृत संकलन केंद्राच्या स्वाधीन करा. लहान मुलांनी फोन उघडू नये. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ज्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, त्यावर बँकेचे वा पैशाचे व्यवहार ठेवू नयेत, आणि त्याचा कॅमेरा घरच्या जाळ्याबाहेर उघडा सोडू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर याच राज्यात, मुरादाबादेत आहे. पितळेच्या कामासाठी ती नगरी प्रसिद्ध आहे. पण धातू ओळखणाऱ्या त्याच हातांकडे देशभरची मोडकी मंडलपटले येऊ लागली. ती जाळून आणि आम्लात बुडवून तांबे व सोने काढण्याचा धंदा तेथे वाढला, आणि त्याची काळी राख रामगंगेच्या काठावर साचली. जुन्या मंडलपटलांच्या जोडकामात शिसे असते. शिशाचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पुसता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्याचा चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन पुनश्चक्रणास गेल्याची नोंद नाही. आपण भंगारवाल्याला फोन देतो तेव्हा तो नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगणात जातो.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. खणातला एक फोन टाकीवर नजर ठेवू लागल्याने रामगंगा स्वच्छ होणार नाही, आणि तो फोनही एक दिवस खरोखर निकामी होईलच. तेव्हा त्याला योग्य केंद्राकडेच गेले पाहिजे; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनश्चक्रणाचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे, त्याचा आग्रह धरणे आपले काम आहे. तथापि फोनच्या आयुष्यभरात वातावरणात जो कार्बन जातो, त्याचा फार मोठा भाग तो तयार होतानाच गेलेला असतो. म्हणून तो जितकी अधिक वर्षे उपयोगी राहील तितका तो खर्च सार्थकी लागतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेही याच दिशेचे पाऊल आहे. परंतु हक्क वापरणारे लोक नसतील तर तो कागदावरच राहतो. फोन उघडून पाहणारा, त्याचे कुलूप का आहे असे विचारणारा विद्यार्थी हा त्या हक्काचा पहिला रखवालदार होय.

शेवटी एक लहानसे काम सांगून मी आपली रजा घेतो. आज घरी गेल्यावर खणातला फोन बाहेर काढा. बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहा. आतील छायाचित्रे उतरवून घ्या व मग तो पुसून स्वच्छ करा. त्याचा नमुना क्रमांक आणि त्यातील संवेदकांची नावे एका वहीत लिहा. त्याच वहीत प्रयोगाची तारीख, वेळ, तापमान आणि मापन लिहीत जा. येत्या जानेवारीत व त्यानंतरच्या मे महिन्यात आवाजाचा वेग मोजलात, तर दोन्ही वह्या घेऊन मला अवश्य भेटा. आकडे माझ्या आकड्यांशी जुळले नाहीत तर अधिकच आनंद होईल. कारण मग ते का जुळले नाहीत, हे आपल्याला मिळून शोधावे लागेल.